एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कॅथलिक बिशपांची पत्रे : त्यांत धर्मचर्चेपेक्षा कर्जे आणि खरेदीखतेच जास्त का?

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांना नमस्कार.

आमच्या सांगली-मिरजेकडे इतिहासाची गोडी लागलेल्या माणसाला जुनी पत्रे वाचण्याचा नाद लागतोच, कारण वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत राहून पटवर्धनी दफ्तरातली पत्रे छापली आणि पेशवाईच्या उत्तरार्धातला कारभार आतून कसा चालत होता ते आम्हांला त्यांतून कळले. सध्या मी अगदी वेगळ्या दफ्तराच्या वाटेला गेले आहे. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या अभिलेखागारात एकोणिसाव्या शतकातील कॅथलिक बिशपांच्या पत्रांचा फार मोठा साठा आहे. जेम्स एडवर्ड्स नावाच्या तिथल्या ग्रंथपालाने त्या शतकाच्या उत्तरार्धात निरनिराळ्या धर्मप्रांतांकडून (म्हणजे एकेका बिशपाच्या कारभाराखालच्या विभागांकडून) तो जमवला, आणि पुढे त्यांतील असंख्य पत्रांचे सारांश तयार झाले.

हे सारांश वाचताना माझा एक समज ढासळला. बिशप एकमेकांना लिहितात म्हणजे धर्मतत्त्वे, प्रॉटेस्टंट पंथांशी चाललेले वाद, फार तर गुलामगिरीसारखे नैतिक प्रश्न यांवर लिहीत असतील असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात सिनसिनाटीचे जॉन पर्सेल, न्यूयॉर्कचे जॉन ह्यूज, न्यू ऑर्लीन्सचे आंत्वान ब्लाँ, फिलाडेल्फियाचे फ्रान्सिस केनरिक या मंडळींच्या पत्रव्यवहारात पानोपानी तेच ते विषय येतात. अमुक धर्मगुरू परवानगीवाचून निघून गेला आहे, त्याला आश्रय देऊ नये. चर्चच्या बांधकामाचे व्याज थकले आहे. जमिनीचे खत कोणाच्या नावे करावे. रिकाम्या झालेल्या पदासाठी रोमला कोणती नावे पाठवावीत. ज्यांच्यामागे इतकी जुनी आणि शिस्तबद्ध संस्था उभी होती, त्यांना हे सर्व एकमेकांना विचारून का ठरवावे लागत होते? चर्चचा कायदा तर शतकानुशतके लिहिलेला होता. आणि स्थावर मालमत्तेचा प्रश्न इतका ज्वलंत का होता? जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

वाईकर

ताई, या प्रश्नाची सुरुवात रोमपासून करावी लागते. चर्चचा लिखित कायदा होता हे खरे, परंतु तो युरोपातील स्थिरावलेल्या कॅथलिक देशांसाठी घडलेला होता. त्या देशांत धर्मग्रामांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, सीमा ठरलेल्या होत्या, धर्मगुरूच्या वृत्तीचे उत्पन्न बांधलेले होते आणि बिशपाला सल्ला देणारे कॅथेड्रलचे, म्हणजे त्याच्या मुख्य चर्चचे, मंडळ होते. अमेरिकेत यांतले काहीच नव्हते. १९०८ पर्यंत तो देश रोमच्या लेखी मिशनचा मुलूख होता आणि त्याचा सर्व कारभार प्रोपगंडा फिदे या रोममधील धर्मप्रसाराच्या खात्याकडे होता. कायद्याचा सांगाडाच नसल्यावर प्रत्येक बाब पत्राने विचारायची, पत्राने कळवायची आणि पुढे कधी बिशपांची परिषद भरली तर तिथे तिला ठरावाचे रूप द्यायचे, एवढाच मार्ग उरतो.

त्यात अंतराची भर पडली. बाल्टिमोरचा धर्मप्रांत १७८९ मध्ये स्थापन झाला आणि जॉन कॅरल हे पहिले बिशप झाले. त्याआधी, १७८५ मध्ये, त्यांनी रोमला पाठवलेल्या अहवालात साऱ्या देशातील कॅथलिकांची संख्या साधारण २५,००० धरली होती. १८०८ मध्ये बाल्टिमोरला आर्चबिशपचे स्थान मिळाले आणि न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन व केंटकीतील बार्ड्सटाउन असे चार नवे धर्मप्रांत निघाले. पण न्यूयॉर्कसाठी नेमलेले रिचर्ड कॉनकेनन हे नेपोलियनच्या युद्धांमुळे इटलीतच अडकून पडले आणि १८१० मध्ये नेपल्सला वारले. आपल्या धर्मप्रांताचे त्यांना दर्शनही झाले नाही. बाकीच्या तिघांच्या नेमणुकीची आज्ञापत्रे बाल्टिमोरला पोहोचायला १८१० साल उजाडले. तेव्हा पोप सातवे पायस स्वतःच नेपोलियनच्या कैदेत होते. अशा स्थितीत कॅरल यांनी त्या तीन नव्या बिशपांना बाल्टिमोरला ठेवून घेतले आणि सर्वांनी बसून कारभाराचे काही नियम आपसांत ठरवले. १८१२ मध्ये रीतसर परिषद भरवण्याचा बेत होता, तो इंग्लंडशी झालेल्या युद्धामुळे बारगळला.

त्यानंतरची सतरा-अठरा वर्षे मला या साऱ्या कथेत सर्वांत महत्त्वाची वाटतात, कारण परिषद का भरत नाही यावरच खूप पत्रे लिहिली गेली. बाल्टिमोरचे आर्चबिशप आंब्रोज मारेशाल हे फ्रेंच होते. अमेरिकेतील नेमणुका बाल्टिमोरला न विचारता आयर्लंडमधून रोमकडे गेलेल्या शिफारशींवर होतात, ही त्यांची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. १८२० मध्ये व्हर्जिनियासाठी रिचमंडचा धर्मप्रांत निर्माण करून आयर्लंडहून पॅट्रिक केली यांना पाठवण्यात आले. दोनच वर्षांत ते परत गेले. मारेशाल स्वतः रोमला जाऊन बिशपांच्या निवडीत अमेरिकेतील बिशपांचे म्हणणे ऐकून घेतले जावे यासाठी झगडले. त्याच १८२० मध्ये चार्ल्स्टनला आलेले आयरिश बिशप जॉन इंग्लंड मात्र, सर्व बिशपांनी एकत्र बसून निर्णय घ्यावेत असा धोशा लावून होते, आणि मारेशाल यांनी तो अखेरपर्यंत मानला नाही. मारेशाल १८२८ मध्ये वारल्यावर त्यांच्या जागी आलेल्या जेम्स व्हिटफील्ड यांनी ऑक्टोबर १८२९ मध्ये पहिली प्रांतिक परिषद बोलावली. पुढे १८४९ पर्यंत अशा एकूण सात परिषदा बाल्टिमोरला झाल्या, आणि मग १८५२, १८६६ व १८८४ मध्ये साऱ्या देशाच्या परिषदा भरल्या.

तुम्ही सारांश वाचताना तारखा या परिषदांशी लावून पाहा. परिषदेपूर्वीच्या महिन्यांत नावांची आणि ठरावांची चर्चा दाट होते, कारण रिकाम्या पदासाठी तीन नावांची यादी रोमला जायची आणि त्या यादीवर एकमत करून घेण्याचे काम आधी पत्रांतूनच उरकलेले असे.

विट्याचा वकील

मालमत्तेच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण सार्वजनिक न्यासांची प्रकरणे चालवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. देवस्थानाच्या विश्वस्तांत फूट पडली आणि दोन गटांनी विश्वस्त बदलल्याचे दोन वेगळे अर्ज (चेंज रिपोर्ट) दाखल केले की पुजारी कोणाचे ऐकणार, दानपेटीची किल्ली कोणाकडे राहणार आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे लागणार, हे तीन तंटे एकदम उभे राहतात. अमेरिकन बिशपांच्या पत्रांत मला हेच तीन तंटे दिसतात.

मूळ कारण तिथल्या राज्यांचे कायदे होते. न्यूयॉर्क राज्याने १७८४ मध्ये धार्मिक मंडळ्यांच्या नोंदणीचा जो कायदा केला, त्यात मालमत्ता मंडळीने निवडलेल्या विश्वस्तांकडे राहील अशी योजना होती. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या रीतीला ती सोयीची होती, कारण तिथे मंडळीच आपला उपदेशक नेमत असे. कॅथलिकांच्या बाबतीत मात्र धर्मगुरू बिशपाने पाठवायचा आणि इमारत विश्वस्तांच्या नावे असायची. विश्वस्त म्हणू लागले की पगार आम्ही देतो, कर्ज आम्ही काढले आहे, तेव्हा धर्मगुरूही आमच्या पसंतीचा हवा. कायद्याच्या नजरेने पाहिले तर त्यांची बाजू अगदी लंगडी नव्हती, हे मी जबाबदारीने म्हणतो.

फिलाडेल्फियाच्या सेंट मेरी चर्चचे प्रकरण यातले सर्वांत कडवट. १८२० मध्ये विल्यम होगन नावाचे आयरिश धर्मगुरू तिथे लोकप्रिय झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस सत्तरी उलटलेले बिशप हेन्री कॉनवेल आयर्लंडहून दाखल झाले आणि त्यांनी होगन यांचे अधिकार काढून घेतले. विश्वस्तांनी होगन यांना धरून ठेवले. १८२१ मध्ये होगन यांना बहिष्कृत करण्यात आले. १८२२ च्या विश्वस्त-निवडणुकीत चर्चच्या आवारातच दंगल झाली. त्याच वर्षी पोपनी विश्वस्तांच्या दाव्याविरुद्ध आज्ञापत्र काढले. तरीही भांडण मिटले नाही आणि थकलेल्या कॉनवेल यांनी १८२६ मध्ये विश्वस्तांशी असा समझोता केला की धर्मगुरूंच्या नेमणुकीत त्यांचा हात मान्य झाला. रोमने तो समझोता फेटाळला आणि बिशपांना बोलावून घेतले. १८३० मध्ये फ्रान्सिस केनरिक यांना सहायक बिशप करून सारा कारभार त्यांच्या हाती देण्यात आला. विश्वस्त अडून बसले तेव्हा, १८३१ मध्ये, केनरिक यांनी त्या चर्चमधील उपासनाच बंद केली. उपासना बंद म्हणजे चर्चमधल्या बाकांसाठी भाविक देत ते भाडे बंद, आणि भाडे बंद म्हणजे कर्जाचा हप्ता बंद. काही आठवड्यांतच विश्वस्त नमले.

न्यू ऑर्लीन्सला तर विश्वस्तांनी असा दावा केला होता की पूर्वी तिथे राज्य करणाऱ्या स्पेनच्या राजाला धर्मगुरू सुचवण्याचा जो हक्क होता तो आता आपल्याकडे आला आहे. बिशप ब्लाँ यांनी तो मानला नाही, त्यांनी कॅथेड्रलमधून धर्मगुरू काढून घेतले, आणि १८४४ मध्ये लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने बिशपांच्या बाजूने कौल दिला. न्यूयॉर्कचा प्रसंग लहान आहे पण बोलका आहे. १८३९ मध्ये कॅथेड्रलच्या विश्वस्तांनी, बिशपांनी नेमलेल्या रविवारच्या शाळेतील शिक्षकाला शिपायाकरवी बाहेर काढले. तेव्हा सहायक बिशप असलेले ह्यूज विश्वस्तांशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी थेट भाविकांची सभा बोलावली आणि सभेने त्यांची बाजू उचलून धरली.

१८२९ च्या परिषदेने ठरवले की जिथे शक्य असेल तिथे नवे चर्च बांधण्याआधी त्याचे खत बिशपाच्या नावे झाले पाहिजे. पण खत वैयक्तिक नावे झाले की दुसरेच संकट उभे राहते. बिशप अचानक वारला तर जमीन कायद्याने त्याच्या भावा-पुतण्यांकडे जाऊ शकते. म्हणून हे बिशप आपल्या मृत्युपत्रात दुसऱ्या बिशपाला वारस नेमत. पीतज्वर आणि पटकी यांची साथ दर काही वर्षांनी येत असलेल्या मुलखात अशी मृत्युपत्रे वेळच्या वेळी करून ठेवणे ही घाईची गोष्ट होती, आणि सारांशांत मृत्युपत्रांचे उल्लेख तुम्हांला वारंवार दिसत असतील तर त्याचे कारण हेच आहे.

पाचगणीकर

मी स्वतः कॅथलिक आहे आणि आमच्याकडे मुंबई इलाख्यात पोर्तुगालच्या राजाचे पदरवादो (चर्चवरील आश्रयदात्याचा हक्क) आणि रोमची प्रोपगंडा यांच्यात चर्चच्या इमारतींवरून किती वर्षे ओढाताण चालली हे मोठ्यांकडून ऐकत वाढलो आहे. त्यामुळे वकीलसाहेबांचे विवेचन मनाला भिडले. तरी एका मुद्द्यावर मला वेगळे म्हणायचे आहे. बिशपांचा विजय म्हणजे सुव्यवस्था आणि विश्वस्त म्हणजे बेबंदशाही, अशी समजूत ही पत्रे वाचताना सहज होते, कारण जी पत्रे टिकली ती बिशपांची आहेत.

जॉन इंग्लंड यांनी तिसरी वाट काढली होती. त्यांच्या चार्ल्स्टन धर्मप्रांतात उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना व जॉर्जिया अशी तीन राज्ये होती, कॅथलिक थोडे आणि विखुरलेले. त्यांनी १८२३ मध्ये धर्मप्रांताची घटना लिहून काढली. चर्चमध्ये निवडलेले प्रतिनिधी असतील, दरवर्षी अधिवेशन भरेल, त्यात धर्मगुरूंचे एक सभागृह आणि सामान्य भाविकांचे दुसरे सभागृह असेल, आणि पैशाचा हिशेब सर्वांसमोर मांडला जाईल. श्रद्धेच्या बाबी आणि धर्मगुरूंच्या नेमणुका मात्र बिशपाच्याच हाती राहतील. १८४२ मध्ये जॉन इंग्लंड वारले आणि ही व्यवस्था त्यांच्याबरोबर मोडली. इतर बिशपांना ती फार लोकशाही वाटत होती. माझे स्पष्ट मत आहे की फिलाडेल्फियाला जे दहा-बारा वर्षे चालले ते पाहिल्यावर चार्ल्स्टनच्या प्रयोगाकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे होते.

दुसरी गोष्ट धर्मगुरूंच्या शिफारसपत्रांची. युरोपातून येणारे कित्येक धर्मगुरू तळमळीने येत, आणि काही जण आपल्या बिशपाशी बिनसल्यामुळे येत. दोघांना ओळखायचे कसे? मूळच्या बिशपाने दिलेले मोकळीकपत्र आहे का, ते खरे आहे का, आणि मधल्या धर्मप्रांतात त्याने काय केले, हे पत्रानेच कळायचे. ताई, ज्या पत्रांना तुम्ही किरकोळ समजता आहात त्यांवर एखाद्या वसाहतीतील पाच-सहाशे कुटुंबांचे लग्न, बाप्तिस्मा आणि अंत्यसंस्कार अवलंबून होते.

आणखी एक धागा लक्षात ठेवा. मेरीलँडमधील एमिट्सबर्ग येथील माउंट सेंट मेरीज ही सेमिनरी (धर्मगुरू घडवणारी शाळा) जॉन द्युब्वा यांनी काढली, सिमोन ब्रुते तिथे शिकवत. पर्सेल आणि ह्यूज दोघेही तिथलेच विद्यार्थी. ह्यूज तर आधी तिथे माळीकाम करत होते. पुढे द्युब्वा न्यूयॉर्कचे बिशप झाले आणि ह्यूज त्यांचे सहायक. ब्रुते १८३४ मध्ये व्हिन्सेन्सचे पहिले बिशप झाले. पर्सेल त्याच सेमिनरीचे अध्यक्ष होऊन १८३३ मध्ये सिनसिनाटीला गेले. हे लोक एकमेकांना केवळ पदाने ओळखत नव्हते. कर्जाचे आकडे लिहिता लिहिता मध्येच जो जिव्हाळा किंवा राग डोकावतो, तो या जुन्या सहवासातून येतो.

कृष्णाकाठ, सांगली

तिघांचेही मनापासून आभार. पाचगणीकरांनी म्हटल्याप्रमाणे मी "किरकोळ" या भावनेनेच वाचत होते. आता ती पत्रे पुन्हा काढीन. एक शंका राहते. काही पत्रे फारच त्रोटक आहेत, आणि काहींत पाच-सहा असंबद्ध विषय एका दमात येतात. हा लिहिणाऱ्यांचा स्वभाव समजायचा, की त्याला दुसरे काही कारण आहे? आणि वकीलसाहेब, बिशपाच्या वैयक्तिक नावे मालमत्ता ठेवण्याचा तोडगा शेवटी टिकला का?

साताऱ्याहून

टपाल खात्यात आयुष्य गेले असल्याने पहिल्या शंकेचे उत्तर देतो. १८४५ पूर्वी अमेरिकेत टपालाचा दर अंतरावर आणि कागदाच्या पानांवर ठरत असे. चारशे मैलांच्या पुढे एका पानाला २५ सेंट, दोन पाने असतील तर दुप्पट. आणि बहुधा पैसे पत्र घेणाऱ्याने भरायचे. न्यू ऑर्लीन्सहून बाल्टिमोरला लिहिणारा माणूस दुसरे पान जोडताना दहादा विचार करणार. म्हणून एकच मोठा कागद घ्यायचा, त्याचे तीन भाग भरेपर्यंत सगळे विषय कोंबायचे, चौथा भाग बाहेरच्या बाजूला येईल अशी घडी घालून त्यावर पत्ता लिहायचा आणि लाखेने बंद करायचे. लिफाफा म्हणजे आणखी एक पान, म्हणून तोही नाही. पत्र उघडताना लाखेबरोबर कागदाचा तुकडा निघून येई, आणि त्या जागी असलेले दोन-तीन शब्द कायमचे जात. मूळ पत्रांची छायाचित्रे मिळाली तर कडेला अशी भोके शोधा. सारांशात एखादे नाव गाळलेले असेल तर ते तिथेच गेलेले असण्याचा संभव आहे. १८४५ मध्ये दर अर्ध्या औंसाच्या वजनावर, तीनशे मैलांच्या आत ५ सेंट आणि पुढे १० सेंट असे झाले, आणि १८५१ मध्ये आगाऊ भरलेल्या पत्राला बहुतेक देशभर ३ सेंट. त्यानंतरची पत्रे जास्त आणि मोकळी दिसतील.

विट्याचा वकील

ताईंच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर : नाही, तो तोडगा टिकला नाही, आणि त्याची दोन प्रकरणे मुळातून वाचण्यासारखी आहेत.

पहिले न्यूयॉर्कचे. बफेलोच्या सेंट लुईस चर्चच्या विश्वस्तांचे बिशपांशी भांडण झाले आणि त्या वेळी परदेशी लोकांविरुद्ध वातावरणही तापलेले होते. १८५५ मध्ये राज्याने कायदा करून बिशपाच्या नावे चर्चची मालमत्ता वारसाने जाण्याचा मार्गच बंद केला. तो कायदा १८६३ मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी नवी योजना आली. त्यानुसार प्रत्येक चर्चचे पाच विश्वस्त असतात : बिशप, त्यांचे प्रतिनिधी असलेले व्हिकर जनरल, तिथला धर्मगुरू आणि दोन सामान्य भाविक. पाचांपैकी तीन चर्चच्या अधिकारातले, पण मालमत्ता कोणा एका माणसाची नाही. न्यासाच्या कायद्यातला माणूस म्हणून मला ही रचना फार विचारपूर्वक केलेली वाटते. पाचगणीकर ज्या चार्ल्स्टनच्या घटनेबद्दल लिहितात, तिच्यातला भाविकांच्या सहभागाचा एक छोटा अंश इथे उरला, हेही मान्य करतो.

दुसरे प्रकरण तुमच्या पर्सेल यांचे. स्थलांतरित आयरिश आणि जर्मन मजुरांचा बँकांवर विश्वास नव्हता, म्हणून ते बचत आर्चबिशपांचे भाऊ फादर एडवर्ड पर्सेल यांच्याकडे ठेवत. त्या ठेवींतून चर्चे आणि शाळा उभ्या राहिल्या. १८७८ च्या अखेरीस ठेवीदार पैसे मागायला धावले आणि सारे कोसळले. देणे काही दशलक्ष डॉलरचे निघाले. वृद्ध आर्चबिशपांनी राजीनामा देऊ केला. १८८० मध्ये नाचेझहून तिथले बिशप विल्यम एल्डर यांना आणून कारभार त्यांच्याकडे दिला. खरा कायदेशीर प्रश्न त्यानंतर उभा राहिला. धर्मप्रांतातील चर्चे आर्चबिशपांच्या वैयक्तिक नावे होती, तेव्हा ती विकून ठेवीदारांचे पैसे द्यावेत का? खटला वर्षानुवर्षे चालला. १८८३ मध्ये पर्सेल वारले, आणि १८८८ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की खतावर नाव त्यांचे असले तरी ती मालमत्ता त्यांनी भाविकांसाठी न्यास म्हणून धारण केलेली होती आणि त्यांच्या देण्यासाठी ती सरसकट विकता येणार नाही.

ताई, १८७८ पूर्वीच्या पर्सेल यांच्या पत्रांत ठेवींचा, भावाच्या हिशेबाचा किंवा व्याजाचा उल्लेख आला की त्या नोंदी वेगळ्या काढून ठेवा. पन्नास वर्षांचा हा साठा तारीखवार लावला तर कर्ज केव्हा वाढू लागले ते त्यातून उलगडेल, आणि इतर बिशपांनी त्यांना केव्हा सावध केले किंवा केले नाही, हेही दिसेल.